करंगळी आणि तिची शेजारीण

साखरपुड्याच्या दिवशी तिने माझ्या बोटात अंगठी घातली आणि हात सोडलाच नाही. मांडवात एकच हशा पिकला. माझी मावशी ओरडली, "अगं सोड आता, पळून जात न्हाय तो!" फोटोवाला तर खूशच झाला, धडाधड फोटो काढत सुटला. मीही मनातल्या मनात फुगलो. म्हटलं, पोरगी पहिल्याच दिवशी फिदा. तर ती मान खाली घालून, ओठ न हलवता म्हणते कशी, "तुमची ही दोन बोटं एवढी गार का आहेत?"

मे महिन्यातली दुपार होती. मांडवातले पंखे गरम वारा ओकत होते, माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि माझी करंगळी व तिच्या शेजारचं बोट मात्र आत्ताच बर्फाच्या पेटीतून काढल्यासारखं. मी म्हटलं, "सरबताचा ग्लास धरला होता." तिने एकदा ग्लासकडे बघितलं. ग्लास माझ्या डाव्या हाताशी होता. तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ही बाई अलिबागला वकिलाच्या ऑफिसात काम करते ते उगाच नाही.

खरं सांगायचं तर बोटं गार पडायची ती दिवाळीपासूनच. पांढरी व्हायची, कधी निळसर, आणि ट्रेलरच्या केबिनमध्ये एसी लावला की ठणकायची. मी उरणकडचा. आमचं घर मिठागरवाल्यांचं. बाबांचं तरुणपण मिठागरात गेलं. मग बंदर आलं, बाबांनी स्टिअरिंग धरलं, आणि आता आमचा स्वतःचा कंटेनर ट्रेलर आहे. तो मी चालवतो. अशा घरात पोराने "आई, बोटं गार पडतात" म्हणून सांगायचं? हसून हसून जीव घेतला असता सगळ्यांनी. म्हणून मी गप्प.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. आमच्यात बापाला 'अरे बाबा, तू' असंच म्हणतात. लिहिताना मी 'ते' करतोय, नाहीतर वाचणाऱ्याला वाटेल पोरगा उद्धट आहे. आहे मी उद्धट, पण बापाशी नाही.

साखरपुड्यानंतर लपवण्यात अर्थ उरला नाही, कारण तिने दुसऱ्याच दिवशी आमच्या आईला फोन केला. आईने माझा हात ओढून उजेडात धरला. तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूला, मनगटाच्या जरा वर, एक छोटासा उंचवटा होता. आईने त्यावर बोट ठेवलं आणि चटका बसल्यासारखं काढलं. "अगं बया! ह्ये उडतंय!"

खरंच उडत होतं. छातीत धडधडतं तसं तळहातात टुकटुक टुकटुक. आईचं निदान तयारच होतं. "शिरंत वारा भरलाय." आणि वाऱ्यावर उपाय काय, तर मीठ. आमच्या घरात सगळ्यावर मीठ. पाठ भरली, मीठ. दात दुखला, मीठ. मुका मार लागला, मीठ. तेही दुकानातलं पुडीतलं नाही हां, आपल्या आगरातलं जाडं, करडं मीठ. तव्यावर तडतडेपर्यंत भाजायचं, फडक्यात बांधायचं आणि दुखऱ्या जागी दाबायचं. आजूबाजूची सगळी मिठागरं भराव घालून गोदामांखाली गेली, पण आईच्या फळीवर त्या मिठाचा डबा कधी रिकामा नसतो.

"सोसवतंय ना रं?" आई विचारायची. मी ऐटीत म्हणायचो, "काय होत न्हाय." आता त्या बोटांना काही कळतच नव्हतं, तर सोसवणार नाही तर काय! आठवड्याभराने व्हिडिओ कॉलवर मी हात हलवून तिला टाटा करत होतो, तेवढ्यात ती किंचाळली. "तो फोड कसला?" मी हाताकडे बघितलं. करंगळीवर चांगला टपोरा फोड आलेला आणि साहेबांना पत्ताच नाही.

तोपर्यंत ती मला 'तुम्ही' म्हणायची. त्या दिवशी 'तू' वर आली ती कायमची. "उद्या अलिबागला ये. आला नाहीस तर मी येते, आणि मी आले तर तुझ्या गावात तमाशा होईल."

पावसाळा सुरू झाला होता. हात ठणकत होता म्हणून बाबाही बरोबर निघाले. करंज्याहून लाँचमध्ये बाइक चढवली, रेवसला उतरवली आणि पुढे बाबा चालवत होते, मी मागे. बाबांच्या मागे बसायची वेळ शाळेत असतानाच संपली होती. जरा लाजच वाटत होती. बाबा गालात तंबाखू धरून वाटभर एवढंच बोलले, "एवढ्याशा बोटासाठी डॉक्टर!"

ती दवाखान्याच्या दारात छत्री घेऊन उभी होती. डॉक्टर म्हणजे पन्नाशीच्या बाई, चष्मा कपाळावर आणि जीभ एकदम धारदार. आधी त्यांनी फोड बघितला. "हे काय?"

"मिठाचा शेक," मी म्हटलं.

"मीठ जेवणात कमी करा आणि हातावर बंद करा," बाई म्हणाल्या. मग त्यांनी मला मूठ घट्ट वळायला लावली, मनगटावर दोन्ही बाजूंनी दाबून धरलं, मूठ उघडायला सांगितली आणि आपला एकीकडचा अंगठा उचलला. तळहात पांढरा पडला होता तो पांढराच. करंगळीच्या बाजूने लाली काही येईना. मग दुसरा अंगठा उचलला तेव्हा कुठे अंगठ्याकडून हळूहळू रंग सरकत आला, पण त्या दोन बोटांपर्यंत धड पोचला नाही. बाईंचा चेहरा बदलला.

"काम काय करता?"

"ट्रेलर चालवतो."

"हातोडीसारखा हात वापरता का कुठे? तळहाताने ठोकणं वगैरे?"

"छे!" मी म्हटलं. आणि मी खोटं बोलत नव्हतो. माझ्या डोक्यात तसं काही नव्हतंच.

बाईंना टेबलाच्या खणातून काहीतरी काढायचं होतं. पावसाने लाकूड फुगलेलं, खण अडलेला. त्यांनी दोन-तीनदा ओढला. मला राहवलं नाही. मी उठलो, "थांबा मॅडम," म्हटलं, आणि खणाच्या कडेवर तळहाताचा तोच भाग असा धाडकन हाणला की खण टुणकन बाहेर आला आणि टेबलावरचा पेनांचा डबा आडवा झाला.

बाई माझ्या हाताकडे बघत होत्या. ती माझ्याकडे बघत होती. आणि बाबा? बाबा हसत होते. अगदी छाती फुगवून म्हणाले, "मी शिकवलंय त्याला! हातोडी लागतच न्हाय!"

आता हे समजावून सांगायला हवं. ट्रेलरवर कंटेनर बसला की चार कोपऱ्यांतले लॉक फिरवायचे. बंदरात क्रेनने कंटेनर उचलण्याआधी ते सगळे उघडायचे. एक जरी राहिला तर क्रेन कंटेनरबरोबर तुमचा ट्रेलरही वर घेते, आणि ड्रायव्हर खाली उभा राहून शिव्या खातो. खाऱ्या हवेने हे लॉक गंजून अडतात. हातोडी प्रत्येक गाडीत असते. पण ती शोधा, काढा, परत ठेवा, तोवर मागचा हॉर्न मारून डोकं उठवतो. बाबांची पद्धत म्हणजे तळहाताच्या टाचेने एक सणसणीत दणका. लॉक उघडा, पुढे चला. आख्ख्या रांगेत आमच्या बाबांचा दणका प्रसिद्ध होता आणि त्यांच्यामागून माझा. कोणाचा लॉक अडला तर लोक मला बोलवायचे. मी ऐटीत जायचो, बाह्या सरसावायचो, दणका द्यायचो. रोज, दिवसभर, कित्येक वर्षं. त्याला ठोकणं म्हणतात हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. ते आमचं काम होतं.

बाईंनी कागदावर चित्र काढलं. बोटांना रक्त नेणारी एक वाहिनी तळहाताच्या त्या कोपऱ्यात हाडाच्या अगदी वरून जाते, वर फक्त कातडी आणि थोडं मांस. रोज दणके खाऊन तिची भिंत ढिली पडली आणि फुग्यासारखी फुगली. फुग्यात रक्त घोटाळतं, गोठतं, आणि त्या गुठळ्यांचे बारीक तुकडे पुढे बोटांत जाऊन अडकतात. "अजून उशीर केलात तर ही दोन बोटं काळी पडतील. मग कापायला लागतात," बाई म्हणाल्या.

उजवा हात. गिअर, लॉक, जेवण, सगळं त्याच्यावर. आणि नवी कोरी अंगठी ज्या बोटात, तेच त्या दोघांतलं एक. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही.

तेवढ्यात बाई बाबांना म्हणाल्या, "तुम्ही शिकवलंत ना? तुमचा हात बघू."

बाबांचा उजवा हात खिशात होता. आज आठवलं की कळतं, चारचौघांत तो नेहमी खिशातच असायचा. त्यांच्या करंगळीला नखापासून वरचा तुकडा नाही. मी शाळेत होतो तेव्हा ते बोट काळं पडलं होतं आणि कोणीतरी टोक कापून टाकलं होतं. घरात सगळे सांगायचे, मिठाने खाल्लं. लहानपणापासून मिठागरात हात घातले, मीठ मुरलं आत. मीही शाळेत पोरांना तेच सांगायचो, फुशारकीने.

बाईंनी बाबांचीही मूठ वळवून बघितली, मनगट दाबलं, बराच वेळ बघत राहिल्या. मग चष्मा नाकावर घेतला. "मिठाने नाही खाल्लं," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "तेच आहे. फक्त तुमच्या वेळी कोणी बघितलं नाही. तुमची वाहिनी कधीचीच पूर्ण बंद झालीय. आता त्यात करण्यासारखं काही नाही, तंबाखू सोडा फक्त."

बाबांचं हसू जागच्या जागी विरलं. येताना ते लाँचवर भिजत उभे राहिले, छताखाली आले नाहीत. मी म्हटलं, "बाबा, आत ये." तर म्हणाले, "मीच शिकवलं रं तुला." एवढंच. मी म्हटलं, "डॉक्टरीणबाईचा खण उघडला ना?" ते हसले नाहीत. आमचे बाबा, जे मयतीला जाऊनही विनोद करतात, ते हसले नाहीत. मला स्वतःच्या बोटांपेक्षा त्याची भीती जास्त वाटली.

ऑपरेशन नवी मुंबईत ठरलं. सर्जन माझ्यापेक्षा थोडाच मोठा असेल. त्याने समजावलं की फुगलेला तुकडा कापून काढायचा आणि त्या जागी कोपराखालची एक शीर काढून जोडायची. टाके केसापेक्षा बारीक, सगळं सूक्ष्मदर्शकाखाली. "वय कमी आहे, बाकीच्या वाहिन्या धडधाकट आहेत, म्हणजे चांगली संधी आहे. पण जोड बंद पडला तर बोटांचं सांगता येत नाही," असंही त्याने तोंडावर सांगितलं. मला तो आवडला.

काखेत सुई टोचून हात बधिर केला. मी जागाच. मधे हिरवा पडदा. पडद्यापलीकडे माझ्या हाताचं काय चाललंय ते मला दिसेना, पण ऐकू सगळं येत होतं. मग सर्जन आणि त्याच्या मदतनीस बाईंचं बोलणं सुरू झालं ते सुक्या मासळीवर. रविवारी सर्जनच्या सासूबाई येणार होत्या आणि त्यांना सोडे हवे होते.

"वाशीला मिळतील," बाई म्हणाल्या.

मी पडद्याआडून म्हटलं, "वाशीला नका घेऊ. पावसाळ्यात ओल धरलेले असतात. आमच्या गावातून पाठवतो."

दोघंही दचकले. मग सर्जन हसत म्हणाला, "अहो, हलू नका. तुमचं बोट माझ्या हातात आहे आणि मी सोड्यांवरून भांडण करतोय." त्यानंतर आमची चांगली गट्टी जमली. सोड्यांची खिचडी, सुकटीची चटणी, जवळा वांग्यात घालावा की बटाट्यात, सगळं झालं. माझ्या तोंडाला पाणी सुटलं आणि पोटात सकाळपासून कण नाही. मला वाटतं त्या गप्पांमुळेच मी टिकलो, नाहीतर भीतीने माझी बोबडी वळली असती.

आणि मग सगळे एकदम थांबले. कसलंसं यंत्र माझ्या हाताला लावलं असावं, कारण खरखर ऐकू आली. नुसतीच खरखर. सर्जनने काहीतरी हलवलं, परत खरखर. आणि मग, फूस... फूस... फूस... भरतीचं पाणी मिठागराच्या बांधातल्या उघाडीतून आत शिरतं ना, तसा आवाज.

"काय आहे हे?" मी विचारलं.

"तुमचं रक्त," सर्जन म्हणाला. "करंगळीकडे चाललंय."

मी रडलो. सरळ सांगतो, रडलो. मदतनीस बाईंनी कापसाने माझे डोळे पुसले आणि म्हणाल्या, "सोडे पाठवायला विसरू नका."

बाहेर सर्जनने बाबांना बाटलीतला तो तुकडा दाखवला. चिंचोक्याएवढा. बाबा त्याच्याकडे कितीतरी वेळ बघत होते म्हणे. "एवढासा?" असं दोनदा म्हणाले.

वॉर्डात सिस्टर दर थोड्या वेळाने येऊन माझी बोटं चाचपायची, रंग बघायची. तिने बाबांना सांगितलं, "काका, मी नसेन तेव्हा तुम्ही बघत राहा. बोट गार लागलं तर लगेच बोलवा." बाबांनी मान डोलावली. ती गेली. बाबांनी आपला उजवा हात पुढे केला, माझ्या करंगळीला लावला आणि तसेच थांबले. मग बोटं बदलून बघितली. मग डाव्या हाताने बघितलं. त्यांच्या कपाळावर आठी. वर्षानुवर्षं लॉक, दोरखंड आणि मीठ हाताळून त्या कातडीत काही उरलंच नव्हतं. त्यांना गार-गरम कळेना.

"सिस्टरला बोलावू?" मी विचारलं.

"गप पड," ते म्हणाले. आणि मग त्यांनी खाली वाकून, पट्टीतून बाहेर आलेली माझी ती दोन बोटं उचलली आणि आपल्या गालाला लावली. दाढी वाढलेली, टोचत होती. म्हणजे, माझी बोटं अजून बधिर होती, टोचतंय हे मला नुसतं दिसत होतं. डोळे मिटून त्यांनी ती तशीच धरून ठेवली.

"गरम हाय," ते म्हणाले.

मला कळायला लागल्यापासून बाबांनी मला जवळ घेतल्याचं आठवत नाही. पाठीत धपाटा, डोक्यात टपली, एवढंच काय ते प्रेम. आता ते दर थोड्या वेळाने वाकायचे, बोटं गालाला लावायचे, "गरम हाय" म्हणायचे आणि परत खुर्चीवर बसायचे. शेजारच्या खाटेवरचे आजोबा कौतुकाने बघायचे. मला एवढं अवघडल्यासारखं झालं की विचारू नका. आणि तरी ते कधी उठतात याची मी वाट बघायचो.

घरी आल्यावरही ते सुटलं नाही. सकाळी चहाआधी यायचे, "हात दे," म्हणायचे. तंबाखूची डबी त्यांनी खाडीत फेकली. आई कुरकुरली, "डबी तरी ठेवायचीस, पितळेची होती." मिठाचा डबा मात्र तिने फळीवरून काढला नाही. फक्त माझा हात समोर आला की ती त्या डब्याकडे बघायची आणि सुस्कारा टाकायची.

मी परत गाडीवर चढलो तेव्हा पहिल्या दिवशी बाबा बरोबर आले. लॉक अडला होताच. माझा हात आपोआप वर गेला. मागून बाबांनी मनगट धरलं. सीटखालून हातोडी काढली, उभ्या जन्मात जिला हात लावला नव्हता ती, आणि असा घाव घातला की तो लॉकला न लागता मडगार्डला लागला आणि मडगार्डचा पत्रा चेपला. रांगेतले सगळे ड्रायव्हर खो खो हसले. एक जण ओरडला, "काका, हाताने मारा, हाताने!" बाबांनी दुसरा घाव घातला. लॉक उघडला. हातोडी माझ्या हातात देत म्हणाले, "बघ. एवढीच गोष्ट होती." आणि मग तेही हसले. रेवसच्या त्या लाँचनंतर पहिल्यांदाच. माझा जीव भांड्यात पडला.

तुळशीचं लग्न झालं आणि आमचं लागलं. हळदीच्या रात्री मित्रांनी आहेर आणला. लाल फीत बांधलेली हातोडी, दांड्यावर माझं आणि तिचं नाव. माझ्या हळदीच्या आधी त्या हातोडीला हळद लागली आणि बेंजोवाल्यांनी हातोडीच्या नावाने एक गाणंही वाजवलं.

लग्नात अक्षता पडल्या, हार घातले, आणि माझा हात तिच्या हातात द्यायची वेळ आली. भटजी म्हणाले, "नवऱ्याचा हात पुढे करा." मी करणार, तेवढ्यात बाबा मधे आले. फेटा बांधलेला, नवा कोरा शर्ट, दाढी गुळगुळीत. भरल्या मांडवात त्यांनी माझी ती दोन बोटं उचलली, गालाला लावली आणि डोळे मिटले. लोक बघतच राहिले. मावशी म्हणाली, "ह्ये काय नवीन?"

"गरम हाय," बाबा नवरीला म्हणाले. "आता रोज तू बघ." आणि माझा हात तिच्या हातात दिला.

तिने माझा हात घेतला. दुसरा हात पुढे करून तिने बाबांचा उजवा हातही धरला, तो, जो ते खिशात घालायला निघाले होते. टोक नसलेल्या करंगळीचा तो हात तिने आपल्या हळदीने पिवळ्या झालेल्या गालाला लावला.

"हा गार आहे, बाबा," ती म्हणाली. "हापण मीच बघणार आता."

भटजी खोळंबले होते, वाजंत्रीवाले खोळंबले होते, पंगत खोळंबली होती. बाबांनी हात काढून घेतला नाही.